वेलर आणि ब्रम्बी: घोडा तोच, मालक वेगळा

जुन्या मराठी लेखनात संस्थानिकांच्या बग्गीला "वेलरची जोडी" जुंपलेली असते. आता बातम्यांमधून दुसरे नाव कानावर पडते, ब्रम्बी: ऑस्ट्रेलियाच्या डोंगरांत मोकाट फिरणारे आणि हेलिकॉप्टरमधून मारले जाणारे घोडे. दोन्ही ऑस्ट्रेलियाचे, त्यामुळे अनेकांना हे एकाच जनावराचे दोन शब्द वाटतात. काही जण ब्रम्बीला वेलरची रानटी जात म्हणतात, तर काही वेलरला माणसाळवलेला ब्रम्बी.

मराठ्यांच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन स्वार असत. स्वारी दोघेही सारखीच करत. पण शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. हे आठवले की वेलर आणि ब्रम्बीतला फरक पटकन लक्षात येतो. तो रक्तात नाही, मालकीत आहे. गिऱ्हाइकासाठी वाढवलेला आणि मोजून-मापून विकलेला तो वेलर. ज्याच्यावर कुणाचाच हक्क उरला नाही तो ब्रम्बी.

दोघांचे मूळ सिडनीच्या वसाहतीत आहे. जानेवारी 1788 मध्ये इंग्रजांचा कैद्यांचा पहिला ताफा तिथे पोचला, तेव्हा त्यात वाटेत केप ऑफ गुड होपला घेतलेले अवघे 7 घोडे होते: 1 वळू घोडा, 3 घोड्या आणि 3 शिंगरे. त्याच वर्षी वसाहतीतल्या काही गाई आणि बैल चुकून रानात गेले. 1795 मध्ये सापडले तेव्हा त्यांचा साठेक जनावरांचा कळप झाला होता. कुंपणे नाहीत, राखणीला माणसे थोडी आणि पुढे अफाट गवत. जनावर हातचे सुटून रानात वाढण्याची गोष्ट तिथे वसाहतीइतकीच जुनी आहे.

घोडा तेव्हा फार महाग होता. पेरणी-नांगरणी बरीचशी कैद्यांच्या हातांनी चाले आणि घोडा अधिकाऱ्यांकडेच दिसे. पैशाला पाय फुटले ते व्यापाऱ्यांमुळे, आणि इथे आपला धागा जुळतो. रॉबर्ट कॅम्बेल हा कलकत्त्याच्या पेढीचा माणूस 1798 मध्ये सिडनीला आला आणि पुढे तिथेच धक्का आणि वखारी बांधून राहिला. भारतातून माल यायचा, त्यात घोडेही असत. हेक्टर नावाचा अरबी घोडा भारतातून गेला आणि त्याची वीण वसाहतीत नावाजली. तो आधी आर्थर वेलस्लीचा होता असे सांगत. जालन्याजवळच्या आसईच्या लढाईतला तोच हा वेलस्ली. ही दंतकथा मानावी, पण घोडा भारतातून गेला यात शंका नाही. ऑक्टोबर 1810 मध्ये सिडनीच्या हाइड पार्कात शर्यती झाल्या, आणि मग कोणाची वीण चांगली ही चर्चा बाजारात रोजची झाली.

पुढे बाजार उलटा फिरला. भारतात कंपनीच्या फौजेला घोड्यांची कायम चणचण. बंगालात आणि दख्खनेत कंपनीने पैदाशीच्या पागा काढल्या होत्या, शिरूर तालुक्यात आलेगावलाही एक होती. पण हव्या त्या मापाचे घोडे हव्या त्या संख्येने काही निघेनात. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या त्या वसाहतीत, मात्र गवत फुकट, जमीन मोकळी. 1830-40 च्या दशकांत हा व्यापार बसला आणि भारतातल्या इंग्रजांनी त्या वसाहतीच्या नावावरून घोड्याला "वेलर" म्हणायला सुरुवात केली. म्हणजे नाव दिले ते घेणाऱ्याने, आणि तेही इथे. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे.

प्रवास फार हालाचा होता. जहाजाच्या पोटात अरुंद खणांत घोडे उभेच, आडवे पडायला जागा नाही. चढवताना-उतरवताना पोटाखाली जाड कापडाचा पट्टा घालून यारीने उचलत, चारही पाय अधांतरी. मद्रासला तेव्हा धक्काच नव्हता, त्यामुळे घोडा पुष्कळदा लाटांत सोडत आणि तो पोहत किनारा गाठी. तिथे जो धडधाकट उभा राहिला, तो विकला जाई.

म्हणून वेलर ही काटेकोर जात नव्हतीच. थरोब्रेड, अरबी, केपचे आणि तिमोरचे तट्टू, ओझ्याचे जाड घोडे, अशी सरमिसळ. रिसाल्याला साधारण 15 हँडचा, म्हणजे 60 इंच उंचीचा, चपळ आणि दमदार घोडा लागे. तोफखान्याला त्याहून भारी लागे. मागणी पाहून घोडीवर वळू घातला जाई. व्यापारी पायाचे हाड हाताने चाचपी, खूर उचलून बघी, खांद्यावर तापल्या लोखंडाने दिलेला डाग वाचून पैदाशीच्या कोणत्या मळ्याचा ते ओळखी. डाग हीच त्याची वंशावळ.

ब्रम्बीला डाग नसतो. नावाची गोष्टही वादातली आहे. न्यू साउथ वेल्स कोअर या पलटणीचा सार्जंट जेम्स ब्रम्बी 1804 मध्ये टास्मानियाला गेला, मागे राहिलेल्या घोड्यांना लोक "ब्रम्बीचे" म्हणू लागले, असे सांगतात. क्वीन्सलँडच्या मूळ रहिवाशांच्या "बरूम्बी" म्हणजे रानटी या शब्दातून ते आले असेही एक मत आहे. सार्जंटाची कथा ऐकायला छान, पण शब्द छापात येतो तो त्यानंतर कितीतरी दशकांनी. मला ती पटत नाही. घोडे मात्र सुटले ते कित्येक वाटांनी: कुंपण मोडून, धनी मेल्यावर, मळा बंद पडल्यावर.

आणि बाजार बंद पडल्यावर. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने 1 लाख 30 हजारांहून जास्त घोडे परदेशी धाडले. परत गेला एकच, जनरल ब्रिजेस यांचा सँडी. बाकीचे काही रणात मेले, म्हातारे गोळी घालून मारले गेले आणि बरेच भारतीय फौजेकडे आले. पुढे मोटारी आल्या आणि फौजेची मागणी आटली. मळेवाल्यांनी उरलेल्या घोड्यांचे दोर सोडून दिले. काल ज्याला वेलर म्हणून भाव मिळत होता, त्याचे शिंगरू उद्या ब्रम्बी झाले.

1986 मध्ये वेलर टिकवण्यासाठी तिथे संस्था निघाली. घोडे कुठून आणायचे, तर मध्य ऑस्ट्रेलियातल्या मोकाट कळपांतून. पण इथे मात्र रक्तही पाहिले गेले, कोणताही मोकाट घोडा चालत नव्हता. फौजेसाठी पैदास करणाऱ्या जुन्या मळ्यांवरचे आणि व्यापार संपल्यावर ज्यांच्यात बाहेरचे रक्त मिसळले नाही तेच कळप धरले. त्यामुळे कोसियुस्को डोंगरातला ब्रम्बी कितीही देखणा असो, त्याला वेलर म्हणता येत नाही. टॉड रिव्हर डाउन्ससारख्या मळ्यावरून धरून आणलेली बिनडागाची घोडी मात्र वेलर म्हणून नोंदवहीत बसते.