इन्स्टॉल एका नावाने, इम्पोर्ट दुसऱ्याच: पायथनमधली दोन ‘पॅकेजं’

मॉड्यूल म्हणजे एक फाइल, पॅकेज म्हणजे अशा फाइलींचा फोल्डर. एवढं बहुतेकांना येतं, ते इथे उगाळत नाही. फोल्डरमध्ये, हा पॅकेज आहे असं पायथनला सांगणारी ‘इनिट’ फाइल हवी का? पायथन ३.३ पासून तिच्यावाचूनही इम्पोर्ट होतं, तरी मी ती ठेवतेच.

खरा घोळ पुढे आहे. ‘पॅकेज’ हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो: कोडमध्ये इम्पोर्ट करतो तो फोल्डर, आणि पिप या इन्स्टॉल करणाऱ्या साधनाने पायपीआय या ऑनलाइन साठ्यावरून उतरवतो ते गाठोडं. गाठोड्यावरचं नाव आणि आतल्या फोल्डरचं नाव एकच असावं, असा नियम कुठेही नाही.

नवशिक्यांच्या शेजारी बसलं की हे हमखास दिसतं. प्रोग्राम चालवला, ‘नो मॉड्यूल नेम्ड सीव्ही२’ असा एरर आला. लगेच पुढची ओळ टाइप होते: पिप इन्स्टॉल सीव्ही२. उत्तर येतं, ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड’. हे दोन एरर शेजारी ठेवून वाचा. पायथन ‘मॉड्यूल’ म्हणतोय, पिप ‘डिस्ट्रिब्यूशन’, म्हणजे गाठोडं. दोघं वेगळ्याच वस्तूंबद्दल बोलतायत! सीव्ही२ हे आतलं नाव, गाठोडं आहे ओपनसीव्ही-पायथन.

नावं वेगळी पडण्याला कारणंही असतात. सायकिट-लर्न या गाठोड्याच्या नावात आडवी रेघ आहे. इम्पोर्टच्या ओळीत ती चालत नाही, पायथनला ती वजाबाकी वाटते. म्हणून आत एसकेलर्न. पिलो इन्स्टॉल करून इम्पोर्ट मात्र पीआयएल करायचं, कारण पिलो हा पीआयएल या बंद पडलेल्या लायब्ररीचा फोर्क, म्हणजे तिच्याच कोडवरून पुढे नेलेली आवृत्ती. जुना कोड मोडू नये म्हणून आतलं नाव तेच राहिलं.

मला सगळ्यात खटकतं ते अंदाजाने नावं टाकून बघणं. पायपीआयवर मोकळ्या नावाने कुणीही गाठोडं चढवू शकतं, आणि मिळत्याजुळत्या नावांनी घातक कोड चढवल्याचे प्रकार वारंवार झाले आहेत. नाव त्या लायब्ररीच्या अधिकृत माहितीपानावरूनच घ्या. काय काय इन्स्टॉल करायचं त्याची यादी असलेल्या रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्येही गाठोड्याचंच नाव लिहा, इम्पोर्टचं नाही.

आधीच इन्स्टॉल झालेल्यांबद्दल शंका असेल, तर पायथन ३.१० पासून ‘इम्पोर्टलिब डॉट मेटाडेटा’मध्ये ‘पॅकेजेस अंडरस्कोर डिस्ट्रिब्यूशन्स’ हे फंक्शन आहे. कोणतं इम्पोर्ट नाव कुठल्या गाठोड्यातून आलं, त्याची अख्खी यादी ते देतं.