केईएमच्या पायाभरणीतली अट

सहायक प्राध्यापक, निवासी डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट. परळच्या केईएम रुग्णालयात आज ही पदं भरताना डॉक्टर भारतीय चालेल का, असा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. शंभर वर्षांपूर्वी सगळा वाद नेमका त्याच प्रश्नावर होता.

मुंबईत आधुनिक वैद्यकीचं शिक्षण 1845 मध्ये सुरू झालं ते ग्रँट मेडिकल कॉलेजात, जे. जे. रुग्णालयाच्या आवारात. 1851 च्या पहिल्या पदवीधरांत गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड होते. हुशारीत ही मुलं कुठेच कमी नव्हती, पण सरकारी दवाखान्यात त्यांच्या वाट्याला येई ती सब-असिस्टंट सर्जनची दुय्यम जागा. प्राध्यापकी आणि रुग्णालयाचा कारभार बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिस या सरकारी वैद्यकीय सेवेच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे. त्या सेवेची परीक्षा 1855 पासून भारतीयांना खुली होती खरी, पण द्यायची लंडनला जाऊन! बोटीचं भाडं आणि तिकडचा मुक्काम किती घरांना झेपणार?

म्हणून शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या कॉलेजला देणगी देताना घातलेली अट मला त्या पैशाहून मोठी वाटते. शिकवणारे सगळे पात्र भारतीय असावेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत. महापालिकेचं केईएम आणि त्याला जोडलेलं, गोरधनदास सुंदरदास यांच्या नावाचं जी. एस. मेडिकल कॉलेज 1926 मध्ये उघडलं ते हीच अट पाळून. कॉलेजचे पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. ते स्वतः ग्रँटचे विद्यार्थी, पुढे लंडनचे एम.डी. ज्या खुर्चीपर्यंत आधीच्या पिढ्यांना पोचता आलं नाही, ती इथे पहिल्या दिवसापासून भारतीय डॉक्टरची होती.

कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाशी संलग्न, पण रुग्णालयालाच जोडलेलं, त्यामुळे शिक्षण आणि उपचार एकाच वॉर्डात. हाऊसमन म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर, मग रजिस्ट्रार, मग लेक्चरर अशी चढण त्याच इमारतीत चढता येऊ लागली. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 1968 मध्ये देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं, तेही याच रुग्णालयात.

पण रुग्णालय म्हणजे फक्त डॉक्टर नव्हेत, आणि हे सांगायचं राहूनच जातं. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने मराठी झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय केईएममध्येच सुरू केलं. अर्धांगवायूने लुळ्या पडलेल्या हाताला सदऱ्याचं बटण पुन्हा लावायला शिकवायचं, घास तोंडापर्यंत न्यायला शिकवायचं. तोवर हे काम घरच्यांनी जमेल तसं करायचं असे. त्यासाठी रीतसर शिक्षण घ्यावं आणि त्यावर पोट भरावं, ही सोय इथून झाली.

1998 मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं. जी. एस. कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या पदव्या आता तिथून येतात. रुग्ण तपासायला शिकायचं ते मात्र अजून परळच्याच वॉर्डांत.