फाइल मागवणारा माणूस

आमच्या गल्लीतल्या काकू पिशवीत एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन फिरतात. नवऱ्याच्या पश्चात घराच्या कराची नोंद स्वतःच्या नावावर व्हावी म्हणून अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतिपत्र. सगळ्यात वर आवक शिक्क्याची पोच. तीन महिने होत आले. ‘होणार नाही’ असं त्यांना कुणीच म्हटलेलं नाही. मग दाद मागायची कशाविरुद्ध?

हुकूम चुकला तर कोर्ट आहे. पण हुकूमच निघत नाही, तेव्हा? अशा गाऱ्हाण्यांसाठी स्वीडनने १८०९ मध्ये एक पद निर्माण केलं, ओम्बुड्समन, म्हणजे प्रतिनिधी. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्ताचा कायदा केला आणि १९७२ मध्ये देशातलं पहिलं लोकायुक्त कार्यालय सुरू झालं. पैसे मागितले तर तो आरोप. ढिसाळ कारभाराने अन्याय झाला तर ते गाऱ्हाणं, हा भेद त्या कायद्याने केला. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण सामान्य माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा गाऱ्हाणंच येतं.

लोकायुक्त शिक्षा देत नाहीत, शिफारस करतात. तरी उपयोग होतो, कारण ते फाइल मागवू शकतात. टिप्पणीच्या पानावर प्रत्येक सहीखाली तारीख असते. कागद कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होता, हे तिथे उघडं पडतं. शिफारस धुडकावली तर विशेष अहवाल राज्यपालांकडे आणि तिथून विधिमंडळापुढे जातो.

माणसाला या चौकशीतून काय मिळतं? मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांच्या अभ्यासासाठी १९८४ मध्ये शिकागोतल्या १,५७५ लोकांच्या मुलाखती झाल्या. आपलं म्हणणं ऐकून घेतलं, मानाने वागवलं, असं ज्यांना वाटलं, ते मनाविरुद्धचा निर्णयही जास्त सहज स्वीकारत होते.

केरळात तर स्थानिक संस्थांसाठी स्वतंत्र ओम्बुड्समन आहे. आमच्या नागपूरलाही असा कुणी हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकच होते. ज्याच्या घरी जाऊन बोलावं असा नगरसेवकच वॉर्डात उरला नव्हता.

काकूंसाठी मात्र जवळची वाट आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, सेवेला मुदत असते. ती उलटली की त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. आयोगाचे विभागीय आयुक्त नागपुरातच बसतात.

काल संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून पहिलं अपील लिहिलं. पोचेची झेरॉक्स जोडली. मूळ पोच काकूंनी पुन्हा फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली.