एअरपॉड्स ४ : साधी जोडी की नॉइज कॅन्सलेशनवाली? पाच हजारांचा फरक नेमका कशाचा

ॲपलने सप्टेंबर २०२४ मध्ये एअरपॉड्स ४ हे बिनवायरचे इअरफोन बाजारात आणले, ते एकाच नावाखाली दोन प्रकारांत. एक साधा, आला तेव्हा किंमत १२,९०० रुपये. दुसरा ‘ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’वाला, १७,९०० रुपये. सणासुदीला दोन्हींवर सवलती निघतात, त्यामुळे आजचा भाव काउंटरवर विचारा. दोन्ही पांढरे, आकार एकच, प्रत्येक बडचं, म्हणजे एका कानात घालायच्या नगाचं, वजन ४.३ ग्रॅम. कानात घातल्यावर यातला महागातला कोणता, हे शेजारी बसलेल्यालाही सांगता येणार नाही. साहजिकच बहुतेक ग्राहक विचारतात, “महागातला घेतला तर गाणी जास्त चांगली वाजतील ना?”

नाही वाजणार. शांत खोलीत बसून एकच गाणं दोन्हींवर ऐकलंत तर फरक शोधूनही सापडायचा नाही. आतली एच२ चिप तीच, स्पीकरही तोच. फोनवर बोलताना आजूबाजूचा गलका दाबून तुमचा आवाज पुढे पाठवण्याची सोयही दोन्हींत आहे. म्हणजे “मला ऑफिसचे कॉल फार असतात, समोरच्याला नीट ऐकू गेलं पाहिजे” एवढंच कारण असेल, तर साधी जोडी घ्या. पाच हजार जातात ते दोन गोष्टींसाठी : तुमच्या कानापर्यंत येणारा बाहेरचा गोंगाट कमी करण्यासाठी, आणि बड ठेवायची, चार्ज करायची थोडी जास्त शहाणी डबी मिळण्यासाठी.

गोंगाट कमी होतो म्हणजे काय होतं

बडच्या बाहेरच्या बाजूला असलेला माइक आजूबाजूचा आवाज टिपतो. चिप त्या आवाजाच्या बरोबर उलटी लहर तयार करून स्पीकरमधून सोडते. मूळ लहर वर जाते तिथे ही खाली येते, आणि दोन्ही एकमेकींना बऱ्याच अंशी पुसून टाकतात. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला त्याचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. हेडफोनमध्ये ती आणण्याचा ध्यास घेतला अमर बोस यांनी. वडील बंगाली, स्वतः अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात शिकवायचे. १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या आवाजाने त्यांना धड संगीत ऐकता येईना, तेव्हा त्यांनी विमानातच गणित मांडायला घेतलं. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट विक्रीला यायला १९८९ उजाडलं. आज तीच करामत चार ग्रॅमच्या बडमध्ये बसते.

पण ही करामत सगळ्या आवाजांवर सारखी चालत नाही. पंखा, एसी, बसचं इंजिन, विमानाची घरघर असे खालच्या पट्टीतले, एका लयीत चालणारे आवाज ती छान दाबते. हॉर्न, कुकरची शिट्टी, लहान मुलाचं रडणं, फेरीवाल्याची हाळी हे आवाज अचानक येतात आणि वरच्या पट्टीत असतात. उलटी लहर तयार होईपर्यंत ते कानात पोचलेले असतात. अशा आवाजांना अडवायला कानाचं भोक घट्ट बुजवणारी रबरी टिप लागते.

आणि एअरपॉड्स ४ ला रबरी टिप नाही. दोन्ही प्रकारांना नाही. महागातली जोडी घेणाऱ्याने पैसे मोजण्याआधी हे नीट समजून घ्यावं, कारण दुकानात सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. हे बड कानाच्या पाळीत नुसते टेकतात, भोकात शिरत नाहीत. काहींना तेच आवडतं : कान कोंडल्यासारखा होत नाही, बोलताना स्वतःचाच आवाज घुमत नाही, तासन्‌तास घातले तरी दुखत नाही. पण फट राहते, आणि फटीतून आवाज आत येतो. फट किती राहणार हे ज्याच्या त्याच्या कानाच्या ठेवणीवर आहे. म्हणून एकाच घरातल्या दोघांना एकाच जोडीचा अगदी वेगळा अनुभव येतो. एकाला जादू वाटते, दुसरा म्हणतो, काही झालंच नाही. दोघंही खरं बोलत असतात.

आमचं दुकान डोंबिवलीत, त्यामुळे बऱ्याच जणांचा प्रश्न लोकलबद्दलच असतो. नॉइज कॅन्सलेशन सुरू केलं की रुळांची खडखड आणि डोक्यावरच्या पंख्यांचा घोंगाट बराच उतरतो. एसी लोकलमध्ये तर फरक लगेच कळतो. पुढच्या स्टेशनची घोषणा, दारात चाललेली भांडणं मात्र ऐकू येतच राहतात. भजनी मंडळाच्या डब्यात चढलात तर टाळांचा आवाज कोणतीही चिप दाबू शकत नाही. रोज सकाळी सव्वा तास, संध्याकाळी सव्वा तास असा प्रवास असणाऱ्यांना आम्ही तरीही महागातली जोडी सुचवतो, ती वेगळ्या कारणासाठी.

गोंगाटात बसलं की आपण नकळत आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकायला चालतो, ९० डेसिबलला मात्र तीच मर्यादा ४ तासांवर येते. १० डेसिबलचा फरक बटणावर दोन-चार टिचक्यांचा असतो. बाहेरची घरघर कमी झाली की तेच गाणं खालच्या आवाजात पुरतं. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये हेडफोनच्या आवाजाची आठवड्याची नोंद दिसते, ती अधूनमधून बघत जा. विशेषतः मुलांच्या फोनमध्ये.

आणखी एक, सूचना नाही तर विनंती. रूळ ओलांडू नका हे आम्ही सांगायला नको, पण रस्ता ओलांडतानाही नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवा. त्यासाठी बाहेरचा आवाज माइकमधून आत सोडणारा ‘ट्रान्स्परन्सी’ मोड आहे, बडची दांडी दाबून धरली की बदलतो. आजूबाजूच्या आवाजानुसार आपोआप कमी-जास्त होणारा ‘ॲडॅप्टिव्ह’ मोडही आहे. तुम्ही बोलायला लागलात की गाण्याचा आवाज स्वतःहून उतरवणारी सोयही आहे. ही शेवटची ऐकायला छान वाटते, पण गाण्याबरोबर गुणगुणणाऱ्यांना वैताग आणते : तुम्ही सूर लावला की गाणंच खाली जातं. अशांनी ती सरळ बंद करावी.

या चारही सोयी साध्या जोडीत नाहीत. थेट भाषांतराची नवी सोयसुद्धा फक्त महागातल्या जोडीवर चालते, तीही आयफोन १५ प्रो किंवा त्यापुढचा फोन असेल तर. त्यातल्या भाषांत मराठी नाही, तेव्हा तिच्यासाठी म्हणून पैसे वाढवू नका.

डबीचं काय

साधी जोडी फक्त यूएसबी-सी वायरने चार्ज होते. महागातली डबी वायरने होतेच, शिवाय वायरलेस पॅडवर किंवा ॲपल वॉचच्या चार्जरवर नुसती ठेवली तरी होते. वायर दोन्हींच्या बॉक्समध्ये नाही. आम्ही लपवून ठेवलेली नाही, कंपनीच देत नाही. घरात आयफोन १५ किंवा नंतरचा असेल तर त्याची वायर चालेल. जुना आयफोन असेल तर वायर वेगळी घ्यावी लागेल, तो खर्च आधीच धरा.

वायरलेस चार्जिंगपेक्षा आम्हाला मोलाचा वाटतो महागातल्या डबीतला छोटा स्पीकर. डबी बॅगेच्या तळाशी किंवा सोफ्याच्या फटीत गेली की फोनवरून तिला वाजवता येतं. साध्या डबीला स्पीकर नाही. बड बाहेर असतील तर त्यांना वाजवता येतं, पण डबी गप्पच. वस्तू हरवणाऱ्यांनी हा मुद्दा विचारात घ्यावा. आपण त्यातले आहोत का, हे घरच्यांना विचारलं तर लवकर कळेल.

बॅटरी : महागातली आधी संपते

हे वाचून लोक चमकतात. साधी जोडी एका चार्जवर ५ तास चालते, डबीतलं चार्जिंग धरून ३० तास. महागातली जोडी नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवलं तर तेवढीच, सुरू ठेवलं तर ४ तास, डबी धरून २०. माइक आणि चिप सतत राबतात, त्याची ही किंमत. लोकलच्या दोन फेऱ्यांना ४ तास भरपूर झाले. लांबच्या विमानप्रवासात मात्र मध्ये एकदा डबीत ठेवावे लागतील. ५ मिनिटं ठेवले तरी साधारण तासभर निघतो.

बडमधली बॅटरी अगदी चिमुकली असते, आणि तीही मोबाइलच्या बॅटरीसारखी वर्षागणिक थकते. बड पूर्ण चिकटवून बंद केलेले असल्याने आमच्याकडे किंवा कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे ती बदलून मिळत नाही. ‘उघडून बॅटरी टाकून देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. एक बड हरवला किंवा निकामी झाला तर ॲपलच्या अधिकृत सेवा केंद्रातून पैसे भरून एकच बड मिळतो. तो घेताना तुमची जोडी साधी की महागातली हे आवर्जून सांगा. दोन प्रकारांतला एक-एक बड एकत्र चालत नाही.

फोन ॲन्ड्रॉइड असेल तर

तर आमचा सल्ला : दोन्ही घेऊ नका. चालत नाहीत असं नाही. डबी उघडून तिच्या पुढच्या बाजूला बोटाने दोनदा टिचकी मारली, दिवा पांढरा लुकलुकला, की कुठल्याही ब्लूटूथ इअरबड्ससारखे जोडले जातात. गाणी वाजतात, कॉल होतात. पण बड कानातून काढला तरी गाणं थांबत नाही, सेटिंग बदलता येत नाही, सॉफ्टवेअर अपडेट होत नाही आणि हरवल्यावर शोधता येत नाही. एवढे पैसे घालून अर्धी वस्तू कशाला वापरायची?

सॅमसंगच्या फोनवाल्यांसाठी अशीच एक साधी-महाग जोडगोळी आहे : गॅलेक्सी बड्स ३ आणि बड्स ३ प्रो. दोन्ही जुलै २०२४ मधले, आले तेव्हाच्या किमती १४,९९९ आणि १९,९९९ रुपये. फरक पाचच हजारांचा, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. नॉइज कॅन्सलेशन दोन्हींत आहे, रबरी टिप मात्र फक्त प्रोमध्ये. प्रोमध्ये बारीक, वरच्या सुरांसाठी वेगळा दुसरा स्पीकरही आहे, म्हणजे इथे जास्तीच्या पैशांत आवाजाचा दर्जासुद्धा वाढतो. म्हणून गॅलेक्सीमध्ये आम्ही सहसा प्रो सुचवतो आणि एअरपॉड्स ४ मध्ये आधी चार प्रश्न विचारतो. ‘महागातला म्हणजे चांगला’ हे गणित प्रत्येक कंपनीत वेगळं सुटतं.

मग कोणी काय घ्यावं

घरी बसून कॉल करणारे, झोपताना काहीतरी ऐकणारे, सकाळी चालायला जाणारे यांना साधी जोडी पुरते. चालणाऱ्यांना तर ती जास्त योग्य, मागून येणारी दुचाकी ऐकू आलेली बरी. रोज लोकल, बस किंवा मेट्रोने जाणारे, एसीच्या घरघरीत दिवसभर काम करणारे, आणि मुळात रबरी टिप कानात सहन न होणारे यांनी महागातली घ्यावी. खरं तर ही जोडी या शेवटच्या मंडळींसाठीच बनलीय असं आम्हाला वाटतं. टिप चालत असेल आणि शांतताच हवी असेल, तर थोडे दिवस थांबून पैसे साठवा आणि एअरपॉड्स प्रो ३ बघा. २०२५ मध्ये आले तेव्हा किंमत २५,९०० रुपये होती. टिपचे पाच आकार मिळतात, नॉइज कॅन्सलेशन सुरू ठेवून ८ तास चालतात. १७,९०० घालून पुढे हळहळण्यापेक्षा ते बरं. आम्हाला आज कमी विक्री झाली तरी चालेल.

ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा असणाऱ्यांसाठी जाता जाता : आयफोनवरून आयपॅडवर किंवा मॅकवर हे बड आपोआप उडी मारतात, विंडोजवर नाही. तिथे दर वेळी ब्लूटूथमधून हाताने जोडावे लागतात. दोन्ही प्रकारांत हेच.

घेताना आणि घेतल्यावर

नकली एअरपॉड्स आता इतके हुबेहूब येतात की फोनवर खिडकीसुद्धा खऱ्यासारखी उघडते. बॉक्सवरचा सीरियल नंबर ॲपलच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाकून बघा, आमच्यासमोरच बघा. दोन प्रकारांतली अदलाबदल ओळखायची खूण सोपी आहे : महागातल्या डबीच्या तळाला स्पीकरची बारीक भोकं असतात. वापरलेली जोडी कोणी ‘नॉइज कॅन्सलेशनवाली’ म्हणून विकत असेल तर डबी आधी उलटी करून पाहा.

दोन्ही जोड्या आणि त्यांच्या डब्या धूळ-पाण्यापासून बचावाच्या आयपी५४ दर्जाच्या आहेत. घाम, पावसाचे शिंतोडे चालतात. नळाखाली धरणं, खिशात राहून वॉशिंग मशीनमध्ये जाणं चालत नाही, आणि पाण्याने बिघडलेलं वॉरंटीत बसत नाही. भिजले तर कोरड्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय डबीत ठेवू नका. ‘एका कानात आवाज कमी येतो’ म्हणून आमच्याकडे येणाऱ्या जोड्यांत बरेचदा बिघाड नसतोच, जाळीत कानातला मळ बसलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशने हलकेच साफ करा. टाचणी घालू नका, जाळी फाटते. वॉरंटी कंपनीची, एक वर्षाची. बिल जपून ठेवा, हरवलंत तर आमच्याकडे मोबाइल नंबरवरून दुसरी प्रत मिळेल.

कानात घालायची वस्तू असल्याने सील फोडलेला बॉक्स आम्ही परत घेत नाही. म्हणून दोन्ही प्रकारांची एकेक जोडी दाखवायला उघडी ठेवली आहे, प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसून देतो. कानात घाला, मान हलवा, जबडा हलवा, चार वाक्यं बोलून बघा. मग दुकानाच्या दारात, रिक्षा स्टँडच्या बाजूला उभे राहून नॉइज कॅन्सलेशन चालू-बंद करून ऐका. शक्यतो संध्याकाळी सातच्या सुमारास या, तेव्हा तिथे गोंगाट भरपूर असतो.