मुंबई ते न्यूयॉर्क : विमानात नेमके किती तास?

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आमच्या पुण्यातल्या ग्राहकांचा तिकीट हातात पडलं की हमखास फोन येतो. "रात्री दीडला मुंबईहून निघून सकाळी सातला न्यूयॉर्क? साडेपाच तासांत?" परतीचं पान उलटलं की दुसरा प्रश्न : "येताना मात्र दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी साडेबाराला कसं?"

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हे अंतर साडेनऊ तासांचं होतं. वरचं उदाहरण हिवाळ्यातलं धरलं, तर जाताना साडेपाचात साडेदहा मिळवा : सोळा तास. येताना साडेचोवीसातून साडेदहा वजा करा : चौदा.

जाता-येता हा फरक वाऱ्याचा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. परतताना ते पाठीशी असतात. सरळ अंतर सुमारे 12,500 किमी आहे, पण त्याला ताशी 900 ने भागून उत्तर मिळत नाही. बंद हवाई हद्दी टाळायला विमानं वळसाही घेतात.

आता ज्या चुकीपायी सर्वांत जास्त धावपळ होते ती. विमान सातला उतरणार म्हणून मुलं परस्पर साडेआठचं डॅलसचं किंवा शिकागोचं स्वस्त तिकीट काढतात. कृपया असं करू नका. अमेरिकेत पहिल्या उतरलेल्या शहरातच इमिग्रेशन होतं. मग बॅगा स्वतः उचलायच्या, कस्टम्स पार करायचं (लोणची-मसाले असतील तर ते आधी सांगायचे), बॅगा पुन्हा द्यायच्या आणि परत सुरक्षा तपासणी. त्या वेळेला एकाच वेळी अनेक विमानं उतरलेली असतात. व्हीलचेअर मागितली असेल तर ती येईपर्यंत थांबावंही लागतं. दीड तासात हे जमेल असं धरून चालू नका. शिवाय पुढचं तिकीट वेगळं असेल आणि विमान चुकलं, तर ते पैसे सहसा गेलेच, आणि परक्या विमानतळावर आई-वडील एकटे.

म्हणूनच आम्ही सगळा प्रवास एकाच पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंगवर) काढायचा आग्रह धरतो आणि मधे किमान तीन तास ठेवतो. काहींना हे तिकीट थोडं महाग वाटतं. पण पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं, तर दुसऱ्या विमानात बसवायची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. वयस्कर माणसं एकटी जाणार असतील तर आम्ही यात तडजोड करत नाही.

आणखी एक. 15 तारखेच्या रात्री दीडचं विमान म्हणजे पुण्याहून 14 ला संध्याकाळीच निघायचं. गाडी आम्ही ठरवून देतो.

मुलांनी तिकडून काही बुक करण्याआधी वेळापत्रकाचा फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा. तिकीट आमच्याकडून काढलेलं नसलं तरी तपासून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.