चंचल की धास्तावलेलं? दत्तक मुलाकडे पाहताना

दत्तक आलेलं चार-पाच वर्षांचं मूल एका जागी बसत नाही, हाक मारली तरी वळत नाही, असं झालं की आमच्या सांगलीत दोन सल्ले हमखास मिळतात. ‘नवीन घर आहे, रुळेल’ आणि ‘एडीएचडी असेल’, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार. दोन्ही खरे असू शकतात. पण आधी संस्थेत राहिलेल्या, सांभाळणारी माणसं बदलत गेलेल्या मुलाची धास्ती बाहेरून अगदी अतिचंचलतेसारखी दिसते.

एडीएचडी मेंदूच्या जडणघडणीशी निगडित आहे आणि बऱ्याचदा आनुवंशिक असते. आवडीच्या खेळात मूल रमेलही. पण आपली पाळी येईपर्यंत थांबणं, चपला घालता घालता दुसरीकडे न भरकटणं त्याला घरी, बालवाडीत, आजोळी, अगदी मजेच्या दिवशीही अवघड जातं.

धास्तावलेल्या मुलाचं लक्ष मात्र असतं. ते दाराकडे असतं, चढलेल्या आवाजाकडे असतं, आईच्या चेहऱ्याकडे असतं. त्याच्या धावपळीला बहुतेक वेळा निमित्त सापडतं: आई बाहेर निघाली, पाहुणे आले, झोपायची वेळ झाली. पोटभर जेवूनही मूठभर भडंग उशीखाली ठेवणं हे एडीएचडीचं लक्षण नाही. उद्या मिळेल याची खात्री नसल्याची ती खूण असू शकते. अनोळखी माणसाच्या कडेवर झटकन जाणाऱ्या मुलाला आपण ‘किती लाघवी’ म्हणतो. तेही जरा थांबून पाहायला हवं.

म्हणून वहीत रोज लिहा: काय झालं, त्याआधी काय घडलं, जवळ घेतल्यावर किती वेळात शांत झालं. बालवाडीच्या बाईंनाही विचारा. ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते, कारण एडीएचडी रक्त तपासून कळत नाही. २०१३ पासूनच्या निकषांनुसार लक्षणं किमान ६ महिने, दोन किंवा अधिक ठिकाणी आणि वयाच्या १२ वर्षांआधी दिसावी लागतात. कानांची तपासणी आधी करून घ्या.

धास्ती आणि एडीएचडी दोन्ही एकत्रही असू शकतं. रोमानियाच्या अनाथालयांतून १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांपैकी ६ महिन्यांहून जास्त काळ तिथे काढलेल्यांत लक्ष न लागण्याच्या आणि अतिचंचलतेच्या तक्रारी अधिक दिसल्या, आणि काहींच्या मोठेपणीही टिकल्या.

सहा वर्षांखालच्या मुलाला एडीएचडी ठरली, तरी बहुधा आधी पालकांना वागणुकीचं प्रशिक्षण देतात, औषध नंतर. त्यात खोडी केल्यावर थोडा वेळ एकटं बसवायला सांगितलं, तर मूल दत्तक आहे हे तिथेच बोला. अशा मुलाला दूर करण्यापेक्षा शेजारी बसवणं बरं. ‘ऐकलं नाहीस तर परत सोडून येईन’ हे तर गमतीतही नको.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा किंवा खासगी बालमनोविकारतज्ज्ञांकडे, दत्तकाची गोष्ट लपवू नका. नातेवाइकांपासून लपवणारी घरं ती डॉक्टरांपासूनही लपवतात. दत्तकानंतर २ वर्षं संस्थेचा पाठपुरावा असतो. तेव्हाच जन्माचं वजन, मूल अपुऱ्या दिवसांचं होतं का, किती ठिकाणी राहिलं, हे विचारून लिहून घ्या आणि तो कागद पहिल्याच भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा.