सोसायटीतल्या झाडांची छाटणी : मुंबईत परवानगी कशी घ्यावी, अर्जात काय लिहावे

मे महिना उजाडला की मुंबई महापालिकेच्या प्रभाग कार्यालयांत छाटणीच्या अर्जांची रीघ लागते. तेव्हा दिलेल्या अर्जाची पाहणी, परवानगी आणि प्रत्यक्ष काम पावसाआधी उरकणे कठीण असते. वादळ पावसाची वाटही पाहत नाही. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेले आणि शहरात दोन हजारांहून अधिक झाडे पडली. म्हणून अर्ज जानेवारीत द्या आणि काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करून घ्या. त्यानंतर कावळ्यांची आणि मग बगळ्यांची वीण सुरू होते. घरट्यात अंडी-पिल्ले असतील तर त्या फांदीला हात लावू नये. वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो.

सोसायटीच्या आवारातल्या झाडाची जबाबदारी सोसायटीची. पालिकेच्या २०१८च्या गणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली, त्यातली निम्म्याहून अधिक खाजगी आवारात आहेत. धोकादायक झाडांबद्दल पालिका दरवर्षी मालकांना नोटिसा पाठवते. नोटीस आली म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे, अर्ज तरीही करावाच लागतो. रस्त्यावरचे झाड मात्र पालिकेचे. त्यासाठी अर्ज नको, १९१६ क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

"झाड आमचे, आम्ही छाटू" हे कायद्याला मान्य नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये "झाड तोडणे" या शब्दांत जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सगळे येते. अवाजवी छाटणी, बुंध्याची साल काढणे, मुळाशी रसायन ओतणे हेही त्यातच. शिक्षेत दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे.

अर्ज जमिनीच्या मालकाने करायचा : सोसायटी असेल तर अध्यक्ष किंवा सचिवाच्या सहीने, भाड्याच्या चाळीत घरमालकाने. एकट्या सदनिकाधारकाने आधी समितीला लेखी कळवावे. समिती हलली नाही तर त्या पत्राची प्रत जोडून प्रभाग कार्यालयात तक्रार करावी. अर्ज जातो प्रभागाच्या उद्यान विभागाकडे. सोबत लेटरहेडवरचे पत्र, व्यवस्थापकीय समितीच्या ठरावाची प्रत, मालमत्ता पत्रक, आवाराचा साधा नकाशा आणि झाडांची छायाचित्रे ठेवा. शुल्क किती आणि काम पालिकेच्या कंत्राटदाराकडून करायचे की स्वतःच्या, हे अर्ज देतानाच विचारून घ्या.

अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा मजकुरामुळे. "आवारातील झाडे छाटून मिळावीत" एवढ्या ओळीवर पाहणीला आलेला माणूस काय ठरवणार? नकाशावर प्रत्येक झाडाला क्रमांक द्या, तोच क्रमांक छायाचित्रावर घाला. एका झाडाची किमान तीन छायाचित्रे हवीत : पूर्ण झाड, बुंधा आणि नेमकी धोक्याची फांदी. मग लिहा : "झाड क्र. ३, गुलमोहर, पूर्वेकडची फांदी, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, वाहनतळावर झुकलेली, सांध्यात चीर." ढोली, बुंध्याशी उगवलेली अळंबी, वाळलेला शेंडा, नव्याने वाढलेला कल, कलाच्या विरुद्ध बाजूला उचललेली माती, या खुणा आवर्जून नोंदवा. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ, त्यामुळे त्याकडे आधी बघा. "पाला पडतो", "उजेड अडतो" ही कारणे धोक्याच्या झाडाच्या अर्जात मिसळू नका. खरा धोका त्यात बुडून जातो.

परवानगी हातात आल्यावर त्यातली संख्या आणि अटी कंत्राटदाराला वाचून दाखवा. एका वेळी हिरव्या पसाऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये. शेंडा सपाट उडवायला ठाम नकार द्या. तिथून फुटणारे धुमारे वरवरच्या सालीला धरून असतात आणि काही वर्षांत वजन वाढले की वाऱ्यात तेच आधी मोडतात. केवळ इमारतीकडच्या फांद्या उतरवल्या की सगळा भार रस्त्याकडे जातो, म्हणून परवानगी मागतानाच समतोल छाटणी मागा. जाड फांदी तीन कापांत उतरवायची. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, जाडीच्या तिसऱ्या भागापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर. तिसऱ्याने उरलेले ठूठ काढायचे, पण फांदीच्या मुळाशी असलेली फुगीर वळी शाबूत ठेवून. जखम भरून येते ती तिथूनच. पहिला काप चुकवला तर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. वीजवाहिनी जवळ असेल तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कुणालाही वर चढवू नका.

बुंध्याभोवतीचे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक एक मीटरपर्यंत काढून माती मोकळी करा. मुळे गुदमरलेले झाड कितीही छाटले तरी उभे राहील याची खात्री नसते.

पूर्ण झाड काढायचे असेल तर वाट लांबची आहे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो, पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. २०२१च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे, लावताना ६ ते ८ फूट उंचीची, लावावी लागतात आणि सात वर्षे जगवावी लागतात. पन्नास किंवा अधिक वर्षांचे झाड वारसा वृक्ष ठरते आणि त्याचे नियम आणखी कडक आहेत.

झाड किंवा मोठी फांदी पडायला आलीच असेल तर खालची जागा दोरीने अडवा, गाड्या हलवा, १९१६ला फोन करा. कुणी अडकले असेल तर अग्निशमन दलाला १०१वर. कापण्याआधीची छायाचित्रे काढा आणि त्याच दिवशी ती जोडून प्रभाग कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या.